मोसंबीला ताण दिला की झाडाच्या आत नेमकं काय होतं?

खोडकिडा | १८ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मंडळी, आमची अंबड तालुक्यात मोसंबीची साडेतीनशे झाडं आहेत. जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेली, बारा वर्षांची. आंबे बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, पंधरा दिवसांपूर्वी बाग ताणावर सोडली. ठिबकच्या नळ्या गुंडाळून खोडाला टांगल्यात, विहिरीत पाणी असून मोटार बंद आहे. येणारा-जाणारा विचारतो, लाईट नाही का?

आज दादांना सहज विचारलं, पाणी तोडलं की झाड फुलतंच कसं? माणसाला उपाशी ठेवलं तर तो काय लग्नाला उभा राहतो? दादा म्हणाले, "झाड भेतं. मरायच्या आधी लेकरं मागं राहावीत म्हणून फुलतं."

मी बीएस्सी ॲग्री. परीक्षेत हाच प्रश्न दोन मार्कांना होता. "ताणामुळे कर्ब-नत्र गुणोत्तर वाढून फुलोरा येतो" असं लिहिलं, दोन्ही मार्क मिळाले. पण झाडाच्या पेशीत, जनुकांच्या पातळीवर काय चालतं ते तेव्हाही कळलं नव्हतं, आजही नाही. कोणी सांगेल का?

ता. क. परवा औषधाच्या दुकानात एक बाटली दाखवली. वर लिहिलंय "जीन ॲक्टिव्हेटर". किंमत नऊशे रुपये. मी नाही घेतली. शेजाऱ्यांनी दोन घेतल्या.

कोरडवाहू | १८ नोव्हेंबर, रात्री १०:०५

दादांचं बराबर हाय. आमच्याकडं शेवगा येत नसला तर म्हातारी खोडावर चार कोयते मारायची. पुढच्या साली शेंगाच शेंगा. कोणत्या जीनला कोयता लागला ते तिला नव्हतं माहीत.

तर्कट | १८ नोव्हेंबर, रात्री ११:१२

"झाड भेतं" हे ऐकायला गोड आहे, पण झाडाला भीती नाही आणि हेतूही नाही. काही रसायनं वाढतात, काही कमी होतात, त्याचा परिणाम फूल. 'झाडाला गाणं कळतं' छापाचं संगीतमय रोपटं कृपया या धाग्याचं होऊ देऊ नका.

पेशीपुराण | १९ नोव्हेंबर, दुपारी १:३०

मूळची परभणीची, सध्या बाहेर एका प्रयोगशाळेत आहे. माझं काम तुरीवर आहे, मोसंबीचं जे सांगते ते वाचलेलं. आणि पेशीतल्या यंत्रणेबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं अरेबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या एका क्षुल्लक तणावर शोधलेलं आहे. तेवढं धरून वाचा.

माती सुकते ते आधी मुळाला कळतं. पण पाणी वाचवायला दारं, म्हणजे रंध्रं, मिटायची असतात पानात. मग निरोप वर जातो कसा? २०१८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की कोरड्या मातीतलं मूळ सीएलई-२५ नावाचा प्रथिनाचा एक चिमुकला तुकडा सोडतं. तो नळीतून वर पानापर्यंत जातो आणि तिथे ॲब्सिसिक ॲसिड, म्हणजे एबीए हे ताणाचं संप्रेरक, बनवणारं जनुक जागं करतो. याला चिठ्ठी म्हणा हवं तर.

एबीए पुढे काय करतं ती माझी आवडती गोष्ट. पानाच्या रंध्राशेजारच्या रक्षक पेशींत एसएनआरके-२ नावाची प्रथिनं कामाला तयार बसलेली असतात, पण पीपी-२सी नावाचं दुसरं प्रथिन त्यांना दाबून धरतं. पाणी मुबलक असतं तेव्हा हेच चालू असतं. एबीए पकडणारं तिसरं प्रथिन उघड्या झाकणाच्या डबीसारखं असतं. एबीएचा रेणू आत पडला की झाकण मिटतं, आणि मिटलेल्या झाकणाला पीपी-२सी येऊन चिकटतं. दाबणाराच अडकला! एसएनआरके-२ मोकळं होतं, रक्षक पेशीच्या कडेचे मार्ग उघडतं, क्षार बाहेर पडतात, पोटॅशियम जातं, मागोमाग पाणी जातं. फुगलेल्या दोन पेशी सैल पडतात आणि मधलं भोक मिटतं. ही डबी कोणती, हे शोधायला जग कितीतरी वर्षं धडपडत होतं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या आणि जर्मनीतल्या दोन गटांना ती एकाच सुमारास सापडली.

हे सगळं तासा-दोन तासांत घडतं. तुमच्या बागेत पहिल्याच आठवड्यात होऊन गेलं असेल.

आता फूल. ताणात वाढ आधी थांबते, अन्न बनवणं नंतर मंदावतं. पेशी लांबायला आत पाण्याचा दाब लागतो, तो नसला की नवी पालवी बंद. पण पानं सूर्यप्रकाशात उभी आहेत, थोडीफार साखर बनतेच आहे. खर्च बंद, आवक चालू, म्हणून साठा वाढतो. तुमच्या दोन मार्कांचं गुणोत्तर ते हेच. क्रॉस आणि क्रेबिल यांनी १९१८ मध्ये टोमॅटोवर मांडलेली ही कल्पना शंभर वर्षं अभ्यासक्रमात आहे. फसवी नाही, पण अर्धी आहे. साखर फुलाचं कारण कशी होते, हे तिच्यात नाही. २०१३ मध्ये त्याच अरेबिडॉप्सिसवर दिसलं की ट्रेहॅलोज-६-फॉस्फेट हा साखरेचा एक सूक्ष्म भाऊबंद कोठाराचा हिशेब सांगतो, आणि तो भरपूर असला तरच एफटी नावाचं जनुक नीट चालतं.

एफटी म्हणजे फुलाचा आदेश. पानातून काहीतरी शेंड्याकडे जातं आणि फूल घडवतं हे सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकात ओळखलं होतं, 'फ्लोरिजेन' असं नावही दिलं होतं. ते "काहीतरी" म्हणजे एफटीचं प्रथिनच, हे २००७ मध्ये ठरलं. लिंबूवर्गीय झाडांत हे जनुक दोन गोष्टींनी वर जातं, थंडी आणि पाण्याचा ताण. भूमध्य समुद्राकाठी थंडी ते काम करते. आपल्याकडे थंडी अर्धीमुर्धी, म्हणून उरलेलं आपण मोटार बंद करून भरून काढतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताणात फूल दिसत नाही. आदेश ताणात निघतो, अंमल पाणी मिळाल्यावर होतो. मधल्या काळात काडीवरचा डोळा, जिथून पालवी किंवा फूल फुटतं तो, बाहेरून जसाच्या तसा असतो.

@तर्कट, भीती नाही हे मान्य. पण दादांच्या वाक्यातून "भेतं" काढून "ओळखतं" घाला, मग ते मला आमच्या पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त खरं वाटतं.

तर्कट | १९ नोव्हेंबर, दुपारी २:०४

"ओळखतं" चालेल. "लेकरं जगवावीत म्हणून" चालणार नाही. पाणी नसताना बी टाकून देणारी झाडं टिकली, बाकीची गेली. म्हणून ही यंत्रणा आहे. झाडाच्या मनात काही नाही.

कोरडवाहू | १९ नोव्हेंबर, दुपारी २:३०

आमच्या मनात तरी कुठं काय असतंय, पेरायचं म्हणून पेरतो.

हस्ताचा_पाऊस | १९ नोव्हेंबर, रात्री ८:५०

भोकरदनकडचा आहे. २०१२-१३ ला आमची बाग ताणातच गेली. तो ताण आम्ही दिला नव्हता. आधी मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाचा फुलोरा, सोडला, मग आंबे सोडला, मग झाड जगवायला टँकर लावले. एका झाडाला चार दिवसांआड दोन घागरी, त्याही मडक्याला भोक पाडून वातीने. मे महिन्यात आबांनी स्वतः कुऱ्हाड मागितली. तोडलेल्या झाडांवर फुलं होती. पानं नव्हती आणि फुलं होती. आबा त्यावर काही बोलले नाहीत.

पेशीपुराण ताई, पाणी दिलंच नव्हतं म्हणावं तर मग ती फुलं कशी आली?

पेशीपुराण | १९ नोव्हेंबर, रात्री १०:२०

दादा, दोन घागरी हे पाणीच आहे. मुळाच्या थोड्या भागाला ओल मिळाली की झाडाच्या दृष्टीनं "ताण तुटला" असं होऊ शकतं. आदेश आधीच निघालेला होता, तेवढ्या ओलीवर त्याचा अंमल झाला. फळ धरायला लागणारी साखर मात्र पानाशिवाय येणार कुठून. वाचून वाईट वाटलं.

कोरडवाहू | २० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

मोसंबीवाल्यांचं बरंय, त्यांना फुलं पाहिजेत तर येतात. आमच्या कापसाला आलेली पाती, म्हंजी फुलाआधीच्या कळ्या, ऱ्हात नाहीत. ऑगस्टात वीस दिवस उघाड पडली अन् सरीत पात्यांचा सडा. मग मोठा पाऊस आला, मला वाटलं आता थांबतंय, तर अजून जास्त गळ! पाणी नाही म्हणून गळतंय का पाणी झालं म्हणून गळतंय? दुकानदार म्हणतो प्लॅनोफिक्स मारा. मारलं. ते नेमकं काय करतं?

पेशीपुराण | २० नोव्हेंबर, दुपारी १:१०

हा प्रश्न कापसाचाच आहे आणि इतिहासही कापसाचाच. ॲब्सिसिक ॲसिड पहिल्यांदा सापडलं ते गळणाऱ्या कापसाच्या बोंडांत! कॅलिफोर्नियात ॲडिकॉट यांच्या गटाने १९६३ मध्ये ते वेगळं केलं. गळ म्हणजे ॲब्सिशन, त्यावरून नाव. ब्रिटनमध्ये वेअरिंग यांचा गट झाडांच्या डोळ्यांना झोपवणारं रसायन शोधत होता, तेही हेच निघालं. गंमत अशी की पुढे कळलं, गळ प्रत्यक्ष घडवतो तो इथिलीन वायू. एबीएचं खरं राज्य पाण्याच्या हिशेबावर. नाव मात्र गळीचंच राहिलं.

आता सरीतलं एक पातं उचला आणि देठाचं टोक निरखा. ओढून तोडलेल्या देठाला धागे निघतात, टोक फाटकं असतं. आपोआप गळलेल्याचं टोक गुळगुळीत, किंचित खोलगट, तांदळाच्या कण्याएवढं. पातं तुटलेलं नाही, सोडवलेलं आहे. देठाच्या बुडाशी लहान पेशींचे काही थर आधीपासून आखून ठेवलेले असतात. पात्याकडून ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकाचा प्रवाह त्या थरांतून अखंड खाली येत असेल तोवर ते इथिलीनला दाद देत नाहीत. "वर सगळं ठीक आहे" असा तो निरोप. पात्याचं पोट भरेनासं झालं की ऑक्झिन रोडावतं, थर इथिलीनला हळवे होतात, पेशी-पेशींमधलं लुकण विरघळवणारी एन्झाइमं बनतात. ते लुकण, म्हणजे पेक्टिन, सुटतं, वारा येतो, पातं पडतं.

पाकळ्याबाहेरची हिरवी पानं पिसारा फुलवल्यासारखी उघडलेली असतील आणि आत भोक असेल तर ते अळीचं काम, त्याचा हिशेब वेगळा.

उघाडीत पातं गळतं कारण साखर पुरत नाही. नंतरच्या ढगाळ पावसातही साखर पुरत नाही, कारण ऊन नाही, आणि मुळाशी हवा नाही. कारणं उलटी, कापसाच्या दृष्टीनं हिशेब तोच. प्लॅनोफिक्स म्हणजे बाटलीतलं ऑक्झिन, एनएए. "वर सगळं ठीक आहे" असा खोटा निरोप तुम्ही फवारता. कोठारात थोडी साखर असेल तर त्या खोट्याचं खरं होतं. कोठार रिकामं असेल तर आठ दिवसांनी गळतंच.

मोसंबीच्या फळगळीवर २,४-डी अत्यल्प मात्रेत देतात तेही याच तत्त्वावर. तेच २,४-डी मात्रा वाढवली की तणनाशक. म्हणून त्या पंपाची धुलाई नीट करा. कापसाच्या पानांची बेडकासारखी बोटं झालेली बघितली असतीलच.

कोरडवाहू | २० नोव्हेंबर, दुपारी १:४०

बगितलीत. शेजाऱ्यानं माझाच पंप नेला होता. दोन महिने बोलणं बंद.

गोदाकाठ | २० नोव्हेंबर, रात्री ९:३०

मीही रांगेत लागतो. गोदावरीच्या काठाला शेत, सप्टेंबरात तुरीत पाच दिवस पाणी उभं. गुडघाभर पाण्यात तूर सुकली! शेंडे खाली, पानं पिवळी. बायको म्हणाली, पाण्यात उभी राहून तहानेनं मेली. चुकीचं म्हणाली का?

पेशीपुराण | २१ नोव्हेंबर, दुपारी १२:५०

वहिनी अगदी बरोबर म्हणाल्या. हे तर माझंच पीक.

पाणी मुळात शिरतं ते पेशीच्या आवरणातल्या बारीक दारांतून, ॲक्वापोरिन. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायू संपतो, मूळ गुदमरतं, पेशीच्या आतला रस आंबट होतो. तो आंबटपणा लागला की ही दारं मिटतात. २००३ मध्ये हे सिद्ध झालं. म्हणजे भोवती पाणीच पाणी आणि मूळ ते घेऊ शकत नाही. वर पानातून बाष्प चालूच, म्हणून सुकवा.

शेंडे खाली का झुकतात? इथिलीन बनवायच्या शेवटच्या पायरीला प्राणवायू लागतो. बुडालेल्या मुळात तो नाही, म्हणून कच्चा माल तिथेच साठतो, नळीतून वर चढतो आणि पानात हवा मिळाल्यावर इथिलीन होतो. टोमॅटोत हा प्रवास नीट मोजलेला आहे. पान पिवळं पडण्याला आणखी एक कारण, मुळांवरच्या गाठींतल्या रायझोबियम जिवाणूंनाही श्वास लागतो, तिथे नत्र बनणं थांबतं.

भाताला याचं उत्तर माहीत आहे. ओडिशाच्या एका जुन्या वाणात सब-१ए नावाचं जनुक सापडलं. पूर आला की ते भाताला "वाढू नको, श्वास धरून बस" सांगतं. २००६ मध्ये ते जाहीर झालं आणि स्वर्णा या भाताच्या वाणात घातलं गेलं. तुरीला असं जनुक नाही. तुरीच्या जनुकसंचाचा आराखडा २०११ च्या अखेरीस हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या पुढाकारानं बाहेर आला, पण आराखडा म्हणजे उत्तर नव्हे. तोवर रुंद वरंबा-सरी हाच तुमचा सब-१ए.

आणि पाणी ओसरल्यावर मेलेली सगळी झाडं गुदमरूनच गेली असं धरू नका. खोड उभं चिरून बघा. आत तपकिरी-काळ्या रेघा असतील तर ती मर, बुरशीची. तिथे पुढच्या वर्षी पीक बदलावं लागेल.

बाईंचा_वर्ग | २१ नोव्हेंबर, रात्री ९:००

जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवते. हा धागा वाचून आज सातवीच्या पोरांकडून एक उद्योग करून घेतला. मोसंबीच्या पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावलं, दहा मिनिटं वाळू दिलं, चिकटपट्टीने उचललं, फोल्डस्कोप या कागदी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. रंध्रं दिसली! मग वरच्या बाजूचा ठसा घेतला, एकही नाही. एक मुलगी म्हणाली, "बाई, झाड खालून श्वास घेतं, वरून ऊन घेतं." मी फळ्यावर लिहून ठेवलं.

उघडी-मिटकी ओळखता आली का? खरं सांगायचं तर सगळ्यांना नाही. डोळा बसावा लागतो.

खोडकिडा | २२ नोव्हेंबर, रात्री ८:१५

बाई, जबरदस्त. ताई, एवढं सांगितलंत तर बाटलीचंही सांगा. आणि सायकोसिलचं. आमची जमीन भारी काळी, ताण लवकर बसतच नाही. दादा म्हणतात खाली दहा फूट ओल आहे.

पेशीपुराण | २३ नोव्हेंबर, सकाळी ११:००

बाटलीवर घटक लिहिलेत का ते पाहा. नसतील तर नऊशे रुपये "जीन" या शब्दाचे. मोटार बंद केलीत तेव्हाच तुम्ही हजारो जनुकं चालू-बंद केली, तेही वीज वाचवून.

सायकोसिल म्हणजे क्लोरमेक्वाट. ते जिबरेलिन बनू देत नाही. जिबरेलिन पालवी वाढवतं आणि लिंबूवर्गीयांत फुलाला आडवं येतं. म्हणून ओल जिरत नाही अशा काळ्या जमिनीत सायकोसिलची शिफारस असते. ताणाची जागा ते घेत नाही, हात देतं. मात्रा लेबलावरची, अंदाजाने नाही. झाडावर मृगाची फळं लटकलेली असतील तर मात्र कशाचाच फारसा उपयोग नाही, फळांचा भार एफटीलाच मान वर काढू देत नाही. दोन्ही बहार धरू पाहणाऱ्याला एकही धड मिळत नाही तो यामुळे.

ताण किती दिवस? हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना, तुमच्यासारख्या जमिनीत दीड-दोन महिने. पण कॅलेंडर नको, पान बघा. मळकट होऊन वळलं, थोडी गळ सुरू झाली की पुरे. निम्मी पानं पाडलीत तर आदेश असेल, कोठार नसेल. आणि ताण तोडताना पहिलं पाणी हलकं.

तर्कट | २३ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

हा धागा जतन करून ठेवतो. "संगीतमय रोपटं" मागे घेतो.

खोडकिडा | ९ डिसेंबर, रात्री १०:५०

वाईट बातमी. चार तारखेला रात्री अवकाळी आला. पाऊण तास, पण दणकून. ताणाचे एकतीस दिवस झाले होते. दादा बॅटरी घेऊन रात्रीच बागेत गेले, पायाने माती उकरून बघितली, वीतभर ओल. काही न बोलता येऊन झोपले. आता पुन्हा ताणावर सोडायची की आहे तसं पाणी सुरू करायचं?

हस्ताचा_पाऊस | १० डिसेंबर, सकाळी ६:३०

डोळे फुगले का ते बघा. फुगले असतील तर आता थांबवू नका, अर्धवट फुललेलं पुन्हा ताणलं तर फुलंही जातात.

पेशीपुराण | १० डिसेंबर, दुपारी १:००

हेच सांगणार होते. शेंड्याकडच्या वीस-पंचवीस काड्या तपासा, भिंग असेल तर उत्तम.

खोडकिडा | १० डिसेंबर, संध्याकाळी ६:४५

पाहिले. बाईंची युक्ती वापरून फोल्डस्कोपही मागवला होता. तीस काड्यांपैकी बांधाकडच्या मुरमाड पट्ट्यातल्या अकरा काड्यांवर डोळे फुगलेत, हिरवे, मोहरीएवढे. मधल्या खोल काळ्या जमिनीत एकही नाही. दादा म्हणाले बाग दोन करा. त्या मुरमाड, वरच्या पट्ट्याच्या नळ्या सोडल्या, हलकं पाणी दिलं. मधली दोनशे झाडं तशीच ताणावर.

कोरडवाहू | १० डिसेंबर, संध्याकाळी ७:००

दोन व्यापारी, दोन भाव.

खोडकिडा | २ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

वरच्या पट्ट्यात फळ गोटीएवढं झालंय. मधली बाग चार दिवसांपूर्वी फुलली. सकाळी धुकं होतं तेव्हा वास रस्त्यापर्यंत येत होता. शेजाऱ्यांची बागही फुललीय, दोन बाटल्यांवाली. मी त्यांना विचारलं, पाणी कधी तोडलं होतं?

"तुमच्याच दिवशी. तुमच्या नळ्या गुंडाळलेल्या बघितल्या म्हणून."